मोठ्या भावाच्या तोंडावरचे मुसके

आमच्या घराण्यात मरणाऱ्या माणसाच्या तोंडात गंगेचे पाणी घालत नाहीत. पूर्वजांनी पाळ, म्हणजे मातीचा बांध, घालून बांधलेला तलाव गावाच्या उशाशी आहे. त्याच तलावाचे पाणी घालतात. घरातला सर्वांत मोठा पुरुष पहाटे तांब्याचा लोटा भरून आणतो आणि जाणाऱ्याच्या ओठांशी लावतो. त्या वेळी तोंड मोकळे असावे लागते. तोंडावर पदर किंवा हात असला, तर जीव आतच घुटमळतो, अशी समजूत आहे. लहानपणी मी ही रीत दोन-तीनदा पाहिली आणि ती मला सुंदरही वाटली. ज्याने आयुष्यभर त्या पाण्यावर धान पिकवले, त्याला जाताना तेच पाणी मिळावे, यात गैर काही नाही.

ही रीत माझ्या पत्नीवर चालवली गेली तेव्हा ती मरत नव्हती. दोष मी रीतीला देत नाही, कारण रीत स्वतः लोटा उचलत नाही. लोटा माझ्या मोठ्या भावाने उचलला होता, आणि त्या गोष्टीचा सूड मी घेतला. तो कसा घेतला, ते क्रमाने सांगतो.

या शतकाच्या सुरुवातीची ती वर्षे. मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवीत होतो. पत्नीला जुना दमा होता. त्या हिवाळ्यात दम्यावर न्यूमोनिया चढला आणि तिला गोंदियाच्या एका खाजगी दवाखान्यात न्यावे लागले. तेथे तिच्या घशातून श्वासनळीत नळी घातली आणि ती नळी यंत्राला जोडली. काही दिवस यंत्रच तिच्यासाठी श्वास घेत होते. मग ताप उतरला, डोळे उघडू लागले, आणि एका सकाळी डॉक्टरांनी नळी काढली.

नळी निघाली म्हणजे माणूस बरा झाला, असे नातेवाइकांना वाटते. मलाही वाटले. डॉक्टरांनी मला काचेच्या दारापाशी बोलावले. गोंदिया शहराची बोली हिंदी. ते हिंदीतच बोलले.

"गुरुजी, नली निकाल दी है, पर फेफड़े अभी थके हुए हैं. अब मास्क लगाएँगे. मशीन साँस को धक्का देती रहेगी. बीच में मास्क हटाना नहीं. और पानी तो बिल्कुल नहीं. गला अभी सोया हुआ है."

मी शिक्षक असल्यामुळे "का" विचारल्याशिवाय राहवत नाही. त्यांनी न कंटाळता सांगितले, आणि ते मी पुढे कित्येक वर्गांना शिकवले. प्लॅस्टिकची ओली पिशवी घ्या. तिच्यातली सगळी हवा काढली की तिच्या दोन्ही बाजू एकमेकींना चिकटतात आणि मग उघडायला जोर लागतो. आत थोडी हवा राहू दिली, तर तीच पिशवी एका फुंकरीने फुगते. फुप्फुसात अशा असंख्य पिशव्या असतात. नाकातोंडावर घट्ट बसवलेला मास्क आत येणाऱ्या श्वासाला जोर देतो आणि श्वास बाहेर गेल्यावरही पिशव्या पुऱ्या मिटू देत नाही. थकलेल्या स्नायूंना तेवढ्यात विसावा मिळतो. ज्यांची फुप्फुसे आधीच दुबळी आहेत, त्यांना नळी काढल्याबरोबर हा मास्क लावला, तर नळी पुन्हा घालण्याची वेळ बहुधा टळते. दम लागेपर्यंत थांबून मग तो लावण्यात अर्थ नसतो. घशाचेही तसेच. नळी बरेच दिवस राहिल्यावर घसा गिळणे विसरतो, आणि अशा वेळी दिलेले पाणी पोटाऐवजी फुप्फुसात उतरू शकते.

नर्सने मला मास्क धरायला शिकवले. प्रथम पट्टे न बांधता तो नुसत्या हाताने चेहऱ्याशी धरायचा, म्हणजे रोगी घाबरत नाही. मग पट्टे लावायचे. पट्टा आणि गाल यांच्या मध्ये दोन बोटे जायला हवीत. त्याहून घट्ट झाला तर कातडी सोलते. त्याहून सैल झाला तर हवा गळते. पत्नीने माझ्याकडे पाहिले आणि डोळ्यांनीच विचारले, "हे काय आता?" मी म्हणालो, "नळीपेक्षा बरे आहे. बोलता येत नाही म्हणून भांडता येणार नाही, एवढेच." मास्कच्या आत ती हसली. मास्कच्या पारदर्शक प्लॅस्टिकवर वाफ धरली.

ते तिचे शेवटचे हसू. मी औषधे आणायला खाली गेलो.

मी गेलो त्या वेळेत मोठा भाऊ भेटीला आला. गावात कुणीतरी सांगितले होते की, मास्तरच्या बायकोचे तोंड बांधून ठेवले आहे. मोठा भाऊ म्हणजे तलावाच्या पाणीवाटपाचा प्रमुख. तुडूम, म्हणजे तलावाचे पाणी सोडायचे तोंड, केव्हा उघडायचे ते तो ठरवीत असे आणि त्याचा शब्द शेवटचा असे. त्याने येताना लोटा भरून आणला होता. नर्स दुसऱ्या रोग्यापाशी होती. त्याने पट्टे सोडले, मास्क तिच्या छातीवर टाकला आणि तिची मान उचलून लोटा ओठांना लावला.

मी परत आलो तेव्हा यंत्र ओरडत होते. ती खोकत होती. तो खोकला मला आजही सांगता येत नाही. नर्स धावत आली. मोठा भाऊ लोटा हातात घेऊन शांत उभा होता.

"काय केलंस?" मी ओरडलो.

"पाणी पाजलो," तो म्हणाला. "बैलाले मुसकं बांधते, तसं तिले बांधून मराले ठेवलं होतं तुम्ही. कायले असा जीव कोंडता गा?"

डॉक्टरांनी तिला नळी पुन्हा घातली. फुप्फुसात उतरलेल्या पाण्याने नवा न्यूमोनिया झाला. त्यातून ती उठली नाही.

मुसके म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला सांगावे लागत नाही. मळणीच्या वेळी बैलाने धान खाऊ नये म्हणून त्याच्या तोंडाला दोरीची जाळी बांधतात, ती. मोठ्या भावाने तो शब्द तेराव्याच्या जेवणात सगळ्यांसमोर उच्चारला. पंगत बसली होती. मी वाढत होतो. तो म्हणाला, "यंत्राचं मुसकं लावून मारलं तिले. मी गेलो म्हणून सुटली बिचारी. तलावाचं पाणी पिऊन गेली, एवढं तरी झालं."

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. माझ्या हातात वरणाची बादली होती, ती मी खाली ठेवली आणि म्हणालो, "ती वाचत होती. तू मास्क काढलास म्हणून गेली."

"पाहा," तो म्हणाला, "शिकलेला माणूस. बायको गेल्यावरही पुस्तकातलंच सांगून राहिला."

लोक हसले नाहीत, पण विरोधही कुणी केला नाही. तेवढे पुरेसे होते. त्या दिवसापासून गावाच्या मते माझ्या पत्नीचा जीव मी कोंडला आणि त्याने मोकळा केला. शाळेच्या वाटेवर पोरे मागून "मुसके मास्तर" म्हणत आणि मी वळलो की आभाळाकडे पाहत. चिचगडकडच्या एका पाहुण्याने माझ्यासमोरच सांगितले की, त्याच्या बापाला दवाखान्यात मास्क लावू लागले, तेव्हा त्यांनी बापाला उचलून घरी आणले. "तुमच्या बाईंचं ऐकलं होतं ना, गुरुजी," तो म्हणाला. बाप घरीच वारला. मोठ्या भावाच्या एका वाक्याने आणखी एक माणूस नेला, आणि पाहुण्याला ते माझ्या दुःखाचे सांत्वन वाटत होते.

मी भावाशी बोलणे सोडले. तलावाचे पाणी पिणे सोडले. शाळेच्या बोअरचे पाणी घरी आणू लागलो. लोकांना तो विक्षिप्तपणा वाटला. मी कुणाला स्पष्टीकरण दिले नाही. मी वाट पाहत होतो. वर्गात दरवर्षी श्वसनाचा धडा आला की ओल्या पिशवीचा प्रयोग करीत असे, आणि पिशवी फुगताना मुले टाळ्या वाजवीत, तेव्हा माझ्या मनात एकच विचार असे: हा धडा एक दिवस त्याला शिकवायचा आहे.

मोठा भाऊ तरुणपणापासून बिडी ओढत असे, आणि राइस मिलच्या कोंड्याच्या धुळीत त्याने बरीच वर्षे काढली होती. पुढच्या दशकात त्याचा श्वास घरघरू लागला. पाळीवर चढताना तो मधेच थांबून तलाव पाहण्याचे निमित्त करी. मी लांबून ते पाहत असे. मला आनंद होत असे, हे मी लपवीत नाही.

मग एका सकाळी वहिनी माझ्या दारात आल्या. बोलणे बंद झाल्यापासून त्या प्रथमच उंबरठा चढल्या होत्या.

"भाऊजी, त्याहिले काल गोंदियाले नेलं. नळी टाकली आहे. पोरगा रायपूरहून येऊन राहिला, पण त्याले काय समजते? तुम्हाले समजते. तुम्ही चला."

"मी? मी तर मुसकी बांधतो, वहिनी."

त्यांनी पदर तोंडाशी नेला. "मारा टोमणा. पण चला."

मी गेलो. कोणत्या भावनेने गेलो, ते नीट सांगायला हवे, कारण लोक याला बंधुप्रेम म्हणतात आणि मला ते चालत नाही. तो मरावा, असे मला एकदाही वाटले नाही. तो नळीवर मेला असता, तर गाव म्हणाले असते, यंत्राने आणखी एक मारला. त्याचेच वाक्य त्याच्या मरणाने पक्के झाले असते. मला तो जिवंत हवा होता. मास्कने वाचलेला, मास्क तोंडावर असलेला, बोलू शकणारा. माझ्या पत्नीच्या मृत्यूचा साक्षीदार तोच एक होता, आणि साक्षीदाराला मरू देत नाहीत.

काही दिवसांनी डॉक्टर नळी काढायला तयार झाले. हे नवे, तरुण डॉक्टर होते. मी त्यांना विचारले, "नळी काढल्याबरोबर मास्क लावणार ना? दम लागायची वाट नाही ना पाहणार?"

ते चकित झाले. "लगेच लावणार. तुमच्या भावासारख्या रोग्याला तेच योग्य. तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही. ऐकणारा विद्यार्थी आहे."

नळी निघाली. मोठा भाऊ खोकला, शुद्धीवर आला, आणि त्याची नजर माझ्यावर स्थिरली. मग ती माझ्या हातातल्या मास्कवर गेली. त्याने मान जोरात हलवली.

"घाबरू नकोस," मी म्हणालो. पत्नीशी बोललो होतो त्याच आवाजात बोललो. तेवढे मी ठरवून ठेवले होते. "आधी नुसता हाताने धरतो. सवय झाली की पट्टे."

मी मास्क धरला. यंत्राचा वारा त्याच्या नाकातोंडात शिरला आणि त्याचे डोळे मोठे झाले. प्रथम तसेच होते. धावत्या गाडीच्या खिडकीतून तोंड बाहेर काढल्यासारखे वाटते. त्याने माझे मनगट पकडले. मी हात हलवला नाही. थोड्या वेळाने त्याचा श्वास यंत्राशी जुळला आणि पकड सैल झाली. मी पट्टे बांधले. दोन बोटे घालून पाहिली.

तो दिवसभर खुणा करीत राहिला. मास्क काढ. काढ गा. अंगठा ओठांकडे नेऊन पाणी मागत राहिला. नर्स अधूनमधून मास्क क्षणभर उचलून ओल्या कापडाने त्याचे ओठ पुसत असे. नियमाला तेवढेच मान्य होते आणि मीही तेवढेच मान्य केले. तो हात जोडत असे. मी त्याचे जोडलेले हात माझ्या हातात घेऊन पांघरुणावर ठेवीत असे. बाहेरून पाहणाऱ्याला ती सेवा दिसली असती. ती सेवा होतीच. पण जिला असे हात कधी जोडावेच लागले नव्हते, जिला न मागता पाणी मिळाले, तिला मी प्रत्येक वेळी आठवत होतो.

संध्याकाळी वहिनी आल्या. हातात तोच लोटा.

"भाऊजी, एक घोट," त्या पुटपुटल्या. "तोंड बांधलं आहे त्याहिचं. काही झालं तर? बिनपाण्याचे जातील."

मोठ्या भावाने लोटा ओळखला. त्याच्या डोळ्यांत जे आले, ते तहान होती की भय, ते मला कळले नाही. मी वहिनींच्या हातातून लोटा घेतला, खाटेच्या पायथ्याशी असलेल्या बेसिनपाशी गेलो आणि त्याच्याकडे तोंड करून, त्याला नीट दिसेल असा, सावकाश ओतून दिला. धार संपेपर्यंत तो पाहत होता. आमच्या तलावाचे पाणी मी कधी असे वाया घालवले नव्हते.

"हे पाणी आता त्याच्या छातीत गेलं असतं," मी वहिनींना म्हणालो, पण बोललो त्याच्यासाठी. "मग नळी पुन्हा घालावी लागली असती. मग ताप आला असता. मग काय होतं, ते त्याला ठाऊक आहे. त्यानं पाहिलं आहे."

वहिनी भिंतीला टेकल्या. "मायबाई," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांनी त्यांना ते प्रथमच समजत होते. मोठ्या भावाने डोळे मिटले. मास्कच्या प्लॅस्टिकवर वाफ धरत होती आणि विरत होती, धरत होती आणि विरत होती. त्याला मी वाचवीत होतो आणि तो माझ्याकडे पाहू शकत नव्हता. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत समाधानाची संध्याकाळ होती.

तो वाचला. गिळण्याची तपासणी झाली आणि पहिला चमचा पाणी त्याला दवाखान्याच्या भांड्यातले मिळाले. आवाज घोगरा झाला होता, तरी शब्द कळत होते. मी चमचा धरून विचारले, "तिला मी मारलं का?"

तो चमच्याकडे पाहत राहिला. "सोड ना आता," म्हणाला.

मी त्याला पाणी दिले, कारण ते द्यायचे ठरलेले होते. पण सोडले नाही.

घरी सोडताना डॉक्टरांनी छोटे यंत्र लिहून दिले. फुप्फुसे इतकी खचली होती की रोज काही तास मास्क लावणे भाग होते. रात्री झोपताना त्याचा मुलगा लावी. दुपारची पाळी मी मागून घेतली. मुलगा आनंदाने हो म्हणाला. काकांचा राग गेला, असे त्याला वाटले असावे.

पहिल्याच दुपारी मी भावाची खाट आतल्या खोलीतून काढून ओसरीवर टाकली. ओसरीसमोरूनच तलावाच्या पाळीकडे जाणारा रस्ता आहे. ज्याला तलावावर जायचे, त्याला तेथूनच जावे लागते.

"खाट आत ने," तो म्हणाला.

"आत हवा नाही."

"यंत्राले कायची हवा लागते गा?"

"उजेड चांगला आहे येथे. पट्टे नीट दिसतात."

त्याने माझ्याकडे पाहिले. तो मूर्ख नव्हता. मी मास्क लावला, यंत्र सुरू केले आणि शेजारी खुर्ची टाकून बसलो.

रस्त्यावरून लोक जात राहिले. गाई घेऊन, जाळे खांद्यावर टाकून, कपड्यांचे गाठोडे घेऊन. कुणी थबके, कुणी नुसते पाहून पुढे जाई. पोरांचा एक घोळका आला, त्यातल्या एकाने दुसऱ्याला ढुसणी दिली, पण "मुसके" हा शब्द कुणी उच्चारला नाही. तो आता कुणाला चिकटवायचा, हे त्यांना ठरवता येत नसावे. काही दिवस असेच गेले. मोठा भाऊ भिंतीकडे तोंड करून झोपू लागला, तेव्हा मी त्याची उशी दुसऱ्या टोकाला ठेवली, म्हणजे त्याच कुशीवर तोंड रस्त्याकडे येई. डोके उंच हवे, असे डॉक्टरांनीच सांगितले होते, आणि ओसरी त्याच टोकाला उंच होती.

मग एके दिवशी मासे विकणाऱ्या म्हातारीने पाटी ओसरीवर टेकली. नवेगाव बांधकडची, बोलायला कुणाची भीड न धरणारी. तेराव्याच्या पंगतीलाही ती होती.

"काय हो बाप्पा," ती त्याला म्हणाली, "कोण बांधलं तुमचं तोंड?"

मास्क लावल्यावर बोलायचे नसते, पण तिला ते कोण सांगणार?

"काऊन बोलत नाही? तुम्हीच तर सांगत होता ना, मुसक्यानं माणूस मरते म्हणून. तुम्ही तर चांगले टनटनीत दिसून राहिले."

इतकी वर्षे मी ज्याची वाट पाहिली, ते म्हातारीने पाटी टेकवून सहज विचारले होते.

मोठ्या भावाने हात वर करून मास्क थोडा उचलला. हवा शूं करून निसटली. यंत्र कुरकुरले.

"यानं बांधलं," तो माझ्याकडे बोट करून म्हणाला. श्वास घेतला. "तिलेही यानंच बांधलं होतं. वाचत होती ते." पुन्हा श्वास. "मी सोडलो. मी पाणी पाजलो."

म्हातारी त्याच्याकडे पाहत राहिली. मग माझ्याकडे. मग तिने पाटी डोक्यावर घेतली. संध्याकाळपर्यंत ते गावभर झाले असणार, हे मला माहीत होते, कारण तिची पाटी प्रत्येक दारात उतरते.

"झालं तुझं समाधान?" मोठ्या भावाने विचारले. त्याचे ओठ निळसर होऊ लागले होते.

"बोलू नकोस," मी म्हणालो आणि मास्क त्याच्या चेहऱ्यावर पूर्ववत बसवला. पट्ट्याखाली दोन बोटे घालून पाहिली. बरोबर होता. त्याचा श्वास यंत्राशी जुळेपर्यंत मी थांबलो.

त्याने रस्त्याकडे, मग आतल्या खोलीकडे डोळे फिरवले. मागणे मला समजले.

दुसऱ्या दुपारीही मी खाट ओसरीवरच टाकली.